चामड्याचे होल्स्टर, सुती शर्ट आणि गंजलेले टिचबटण: डिचोलीतल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

ज्या दुकानातून मी हे कमरेचे होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायची चामड्याची खोळ, मागवले, त्या दुकानाने गंजलेले टिचबटण बदलून देण्यास पावसाळा संपताच लेखी नकार दिला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. साडेतीन हजार रुपयांच्या वस्तूचा निकाल चार आण्यांच्या बटणावर लावू नये, असे कोणी म्हणेल. मी तो लावणार आहे, कारण या वस्तूत शस्त्र जागेवर धरून ठेवणारा भाग तेवढाच आहे.

रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्याचा .३२ मार्क थ्री आहे. त्याची माहिती वाचकांना असणारच: सहा काडतुसे, सुमारे सातशे ग्रॅम वजन, तीन इंच नळी, बिजागरीवर मधून उघडून काडतुसे भरण्याची जुनी रचना. डिचोलीत आमची सराफी पेढी असून तयार दागिने आणि मोडीचे सोने घेऊन मला म्हापसा व पणजीला जावे लागते. परवाना त्याच कारणासाठी उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून घेतलेला आहे. होल्स्टर पँटच्या आत, उजव्या कमरेवर किंचित मागे बसणारे आहे. ते म्हशीच्या जाड चामड्याचे असून वरून येणारा पट्टा टिचबटणाने बंद होतो.

शस्त्र झाकून बाळगणे ही आवडनिवड नाही, हे आधी स्पष्ट करतो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते त्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात असावे लागते, पूर्णपणे झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा लागतो. स्कूटरच्या डिकीत टाकलेले शस्त्र झाकलेले असते, पण त्यावर ताबा असतो असे मला कधीच वाटले नाही. म्हणून शस्त्र अंगावर आणि अंगावरचे कापड त्याला साजेसे, हा माझा क्रम आहे. शिवाय कमरेला शस्त्र आहे हे ज्याला कळते, त्याला पिशवीत काही मौल्यवान आहे हेही कळते. सराफाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

आता कपड्यांविषयी. ओळखू न येण्यासाठी लोक जे कपडे निवडतात, त्यांतले बरेचसे ओळख पटवणारेच असतात. सफारी सूटचा सैल, बाहेर सोडलेला बुशशर्ट कमरेवरचे शस्त्र उत्तम झाकतो, परंतु मंत्र्यांच्या अंगरक्षकांनी तो इतकी वर्षे वापरला आहे की सफारीतला माणूस दिसताच लोकांची नजर त्याच्या कमरेकडे जाते. अनेक खिशांची खाकी पँट, छायाचित्रकार घालतात तसले बिनबाह्यांचे जाकीट आणि जाड तळाचे बूट यांचेही तेच आहे. गोव्यात त्यात आणखी एक गुंता आहे. कळंगुटच्या किनाऱ्याजवळ मोठ्या फुलांचा सैल अर्धबाही शर्ट घातलेला माणूस कोणाच्याही नजरेत भरत नाही, आणि फुलांच्या नक्षीमुळे आतल्या वस्तूची कड मोडून जाते हेही खरे आहे. पण तोच शर्ट घालून डिचोलीच्या बाजारात पेढीवर बसलो, तर दहा माणसे विचारतील की शेट आज कुठे निघाले. तालुका बदलला की साधे कपडे बदलतात. डिचोलीत माझ्या वयाचा व्यापारी फिकट चौकटीचा किंवा बारीक रेघांचा सुती शर्ट आणि गडद पँट घालतो, म्हणून मीही तेच घालतो. चौकटी मध्यम असाव्यात. एकरंगी पांढरा शर्ट मे महिन्याच्या घामात अंगाला चिकटतो आणि त्यातून पट्ट्याची रेघसुद्धा दिसते.

माझा सर्वाधिक वेळ शर्टाच्या शिवणीवर गेला. तयार शर्टांचा घेर खाली गोल कापलेला असतो, म्हणजे पुढे व मागे लांब आणि दोन्ही बगलांच्या रेषेत आखूड. होल्स्टर नेमके त्या आखूड जागेपाशी येते. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला की शर्ट तिथेच सर्वांत आधी वर सरकतो. एक माप मोठा शर्ट घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण मग खांदे उतरतात, बाह्या कोपराखाली येतात आणि माणूस उसने कपडे घातल्यासारखा दिसतो. मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडून खांदा व छाती नेमक्या मापाची ठेवून कमरेपाशी घेर वाढवून घेतला, खालची कड सरळ कापून घेतली, लांबी दीड इंच वाढवली, बाजूच्या चिरा अगदी लहान ठेवल्या आणि खालची दुमड दुहेरी करून घेतली. दुहेरी दुमडीमुळे कडेला थोडे वजन येते आणि वाऱ्याने शर्ट सहज उडत नाही. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्यामुळे स्कूटरवरून पणजीला जाताना मांडवीच्या जुन्या पुलावरूनच जावे लागते, आणि तिथला वारा पाठीमागून शर्ट असा उचलतो की तयार शर्टात मला एका हाताने तो धरावा लागत असे. शिवून घेतलेल्या शर्टात तो हात हँडलवरच राहतो.

पँट कमरेत दीड-दोन इंच सैल शिवावी आणि कमरेचा पट्टा दुहेरी चामड्याचा, दीड इंच रुंद, ताठ असावा. सातशे ग्रॅमचे वजन पातळ पट्ट्यावर लोंबले की मूठ शरीरापासून सुटून बाहेर कलते, आणि शर्टाला उठाव येतो तो मुठीचा, नळीचा नव्हे. या बाबतीत होल्स्टरची रचना चांगली आहे. ते किंचित पुढे कललेले असल्याने मूठ पाठीच्या वळणाला लागून राहते. चाप पूर्णपणे झाकला जातो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पहिली अट आहे. सिलिंडरची जाडी कमरेला टोचते खरी, पण ती रिव्हॉल्व्हरच्या जातीचीच अडचण असून तिचा दोष होल्स्टरला देणे योग्य होणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी या होल्स्टरवर पूर्ण समाधानी होतो आणि ओळखीच्या दोघा परवानाधारकांना ते घेण्याचा सल्लाही दिला होता. चामडे अंगाला सवयीचे झाले, खुर्चीत बसताना ते करकरत नव्हते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि चित्र पालटले. आमच्याकडे चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे घामाने भिजलेले चामडे कोरडे कसे राहणार? बुरशी पुसता येते. टिचबटणाचा गंज पुसता येत नाही. बटण दिसायला निकेलचे, पण आत साधे लोखंड होते. मुलामा उडाला आणि जुलै संपण्यापूर्वी ते तपकिरी झाले.

इथे कपड्यांचा आणि या बटणाचा संबंध येतो. बटण बाहेरच्या बाजूला, थेट शर्टाला टेकून बसते. ओल्या हवेत दिवसभर घासून प्रत्येक फिकट शर्टावर उजव्या कमरेच्या वर, एकाच जागी, गंजाचा गोल डाग पडू लागला. गंजाचा डाग साबणाने जात नाही. पेढीवर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी सर्वांसमोर विचारले, "शेट, कमरेला काय लागलं?" त्यांच्या विचारण्यात आपुलकीच होती, पण त्या क्षणी दुकानातल्या प्रत्येकाने माझ्या कमरेकडे पाहिले. शिंप्याकडे घातलेले पैसे, निवडलेले कापड, मोजून वाढवलेला घेर, या सगळ्यावर त्या एका ठिपक्याने पाणी फिरवले.

डागापेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. गंजामुळे बटणाची पकड आधी घट्ट झाली आणि नंतर एकाएकी सैल पडली. स्कूटर खड्ड्यात आपटली की होल्स्टरचा पट्टा आपोआप सुटू लागला. आमच्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डे कमी नसतात. भरलेले शस्त्र रस्त्यावर पडण्याची शक्यता निर्माण करणारा दोष किरकोळ म्हणता येत नाही, म्हणून मी त्या दिवसापासून ते वापरणे थांबवले आणि दुकानाला छायाचित्रांसह लिहिले.

पहिल्या उत्तरात त्यांनी कळवले की ओलाव्याने झालेली हानी हमीत बसत नाही. मी विचारले की माणसाच्या अंगाला लागून वापरायची वस्तू ओलाव्याशिवाय वापरायची कशी, आणि जाहिरातीत रोजच्या वापरासाठी असे छापले आहे त्याचा अर्थ काय. त्यावर, वस्तू दर आठवड्याला तेल लावून कोरड्या जागी ठेवायला हवी होती, असे उत्तर आले. चामड्याला मी नियमित मेण लावत होतो. बटणाला तेल लावले असते तर तेलाचा डाग शर्टावर पडला असता. तिसऱ्या पत्राला त्यांनी नकाराचे एक ओळीचे उत्तर दिले. मी नवे होल्स्टर मागितले नव्हते, फक्त एक पितळी बटण मागितले होते.

मधल्या काळात साचेबंद कडक प्लास्टिकचे होल्स्टर वापरून पाहिले. त्यात टिचबटणच नसते. चापाभोवतीच्या कडीवर साच्याची पकड असते आणि ती स्क्रूने कमीजास्त करता येते. पहिले काही आठवडे मला वाटले की आता चामड्याकडे परतण्याचे कारण उरले नाही, कारण घाम शोषला जात नाही, बुरशी येत नाही आणि पावसात भिजल्यावर नुसते पुसले तरी पुरते. ते मत आज तसे राहिलेले नाही. पाऊस ओसरल्यावर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ पुन्हा उडू लागली. ती साच्यात बसून नळीच्या तोंडापाशी काळा मुलामा घासून निघाला. शिवाय प्लास्टिकची कड सरळ आणि धारदार असते, त्यामुळे पातळ सुती शर्टातून ती चामड्यापेक्षा स्पष्ट उठून दिसते. चामड्याची कड शरीराच्या वळणात मिसळते. पावसाळ्यात रेनकोट वरून असतो तेव्हा ही उणीव झाकली जाते, नोव्हेंबरनंतर झाकली जात नाही.

शेवटी चामड्याचे होल्स्टर, अर्थातच रिकामे, बाजारातल्या मोच्याकडे नेले. त्याने लोखंडी बटण काढून जाड पितळी बटण बसवले. त्याने स्वतःहूनच सांगितले की पितळही घामाने हिरवे पडेल, तेव्हा बटणावर मऊ चामड्याची छोटी टोपी शिवून घ्या. ती शिवल्यापासून धातूचा कपड्याला स्पर्शच होत नाही. पकड पक्की आहे, शर्ट स्वच्छ आहेत. हे काम त्याने माझ्यासमोर बसून, अत्यंत नेटकेपणाने, ऐंशी रुपयांत केले. कारखान्याने हाच विचार मुळात केला असता तर त्या वस्तूला मी निःसंकोच पूर्ण गुण दिले असते.

कोणतेही होल्स्टर घेतले तरी घरी आल्यावर शस्त्र त्यात ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि कमावण्यात वापरलेल्या रसायनांचा अंश त्यात राहतो, त्यामुळे पोलादाला ठिपक्याठिपक्यांनी गंज लागतो. शस्त्र रिकामे करून, तेलाच्या फडक्याने पुसून कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि होल्स्टर बाहेर पंख्याखाली टांगावे. काडतुसेही चामड्याच्या कप्प्यांत राहू देऊ नयेत, ती हिरवी पडतात.

देवळात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात आणि जिथे मद्याचा पेला हाती येण्याची शक्यता आहे अशा प्रत्येक ठिकाणी मी शस्त्र नेत नाही. लईराईच्या जत्रेतल्या गर्दीत कोणताही शर्ट आणि कोणतेही बटण पुरेसे नाही. पोलिसांनी नाक्यावर थांबवले तर हात हँडलवर ठेवूनच, मी परवानाधारक असून शस्त्र अंगावर आहे, हे आधी सांगतो आणि मग त्यांच्या सूचनेप्रमाणे परवाना काढतो. झाकलेले असणे हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांसाठी आहे, पोलिसांसाठी नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला की होल्स्टर कपाटात पडून राहते. त्या दिवसांत ते वर्तमानपत्रात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये.

ज्यांच्याकडे मार्क थ्री आहे आणि जे घाटावर, कोरड्या हवेत राहतात, त्यांनी हे चामड्याचे होल्स्टर घ्यायला हरकत नाही. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी मागणी नोंदवण्यापूर्वी बटण कोणत्या धातूचे आहे ते लेखी विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर बटण बदलण्याचे शंभर रुपये किमतीत धरावेत. २०१४ साली बाजारात आलेला निर्भीक हा हलका रिव्हॉल्व्हर सुमारे पाचशे ग्रॅमचा असल्याने त्याला इतका ताठ पट्टा लागणार नाही, पण शर्टाचे माप तेच राहील. शर्टाचे कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी दोनदा पाण्यातून काढून वाळवावे, कारण सुती कापड आटते आणि वाढवून घेतलेला दीड इंच पहिल्या दोन धुण्यांतच निघून जातो.