क्वीन मेरीवर मुक्काम: आतली केबिन की खिडकीची?

१९३६ साली पहिल्या सफरीला निघालेली 'क्वीन मेरी' ही प्रवासी बोट १९६७पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे. आता तिच्यात हॉटेल आहे. जहाज हलतच नाही, त्यामुळे 'मधली केबिन घ्या, कमी डुलते' हा नेहमीचा सल्ला इथे बाद!

आतली केबिन स्वस्त पडते. दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळचे सहा की दहा, घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. भारतातून नुकतेच उतरलेल्यांना ही झोप वरदानच. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी मात्र वाटेला जाऊ नये.

बाहेरच्या केबिनला गोल खिडकी मिळते. पण ती जेमतेम तोंडाएवढी, आणि एका बाजूला पाणी व शहराचे दिवे, तर दुसऱ्या बाजूला धक्का. जादा पैसे मोजून वाहनतळ बघायचा का? बाजू आधी विचारून घ्या.

भिंतींवरचं जुनं लाकूडकाम, काही न्हाणीघरांतले गोड्या नि खाऱ्या पाण्याचे वेगवेगळे नळ, हीच खरी मजा. पाण्याची बाजू मिळत नसेल, तर मी आतलीच घेईन. समुद्र बघायला डेक आहेच.