ग्रेज अ‍ॅनाटॉमी की हाउस? नात्यांसाठी बघणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी

मेडिकल ड्रामा बघायचं मनात आलं की गाडी पहिल्या दोन नावांपाशीच अडते: ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ आणि ‘हाउस’. दोन्ही अमेरिकेतल्या, आणि आल्याही साधारण एकाच सुमारास. ‘हाउस’ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि ८ सीझन, १७७ भाग करून २०१२ साली गुपचूप निघून गेली. ‘ग्रेज’ मार्च २००५ मध्ये आली, २०२२ मध्ये तिचा ४०० वा भाग झाला, आणि त्यानंतरही तिचं चालूच राहिलं. त्यामुळे आधी कुठली, हा प्रश्न किरकोळ नाही. झोपेचा मामला आहे.

मी या प्रकारात नवीन आहे. त्यातली निदानं कितपत बरोबर, शस्त्रक्रिया खऱ्यासारख्या दिसतात का, यावर मी बोलणार नाही. त्यासाठी माझी भाची आहे, ती महापालिकेच्या रुग्णालयात जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे आणि माझ्यासोबत बसली की दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावते. मला रस आहे तो कोण कोणाचं कोण, कोण कोणासाठी काय करतं आणि का, यात. तेवढ्याच अंगाने ही तुलना. कोण मरतं आणि शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण सुरुवातीच्या सीझनमधलं थोडं सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

आधी ‘ग्रेज’. सिएटलमधलं एक मोठं रुग्णालय, तिथे सर्जरी शिकायला आलेले पाच इंटर्न. त्यातली मेरेडिथ ग्रे नोकरीच्या आदल्या रात्री बारमध्ये भेटलेल्या एका माणसाला घरी आणते, आणि सकाळी कळतं की तो डेरेक शेफर्ड, न्यूरोसर्जन, म्हणजे साहेबच. पहिला सीझन फक्त ९ भागांचा आहे, आणि तो संपता संपता त्या साहेबाची बायको दारात येऊन उभी राहते. एवढं वाचून कोणीही म्हणेल, आपल्याच संध्याकाळच्या मालिकांना स्क्रब्ज, म्हणजे ऑपरेशनचे कपडे, चढवलेत. थोडं खरं आहे. पोस्टरवर विकली जाते ती हीच जोडी, आणि माझ्या मते त्यात दाखवण्यासारखं सगळ्यात कमी हिच्याकडेच आहे. जवळ येतात, रुसतात, लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतात, पुन्हा जवळ येतात. शिप, म्हणजे चाहत्यांची लाडकी प्रेमजोडी, म्हणून ठीक, पण तेवढ्यासाठी कोणी शेकडो भाग बघू नयेत.

बघायचं ते मेरेडिथ आणि क्रिस्टिना यांग. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात क्रिस्टिना तिला आपण गरोदर असल्याचं सांगते. रडून नाही, मिठी मारून नाही. क्लिनिकच्या फॉर्मवर अडीअडचणीला बोलवायला कोणाचं तरी नाव द्यावंच लागतं, मी तुझं दिलंय, म्हणून तुला सांगतेय, असा तिचा सूर असतो. मेरेडिथ तिला मिठी मारते तेव्हाही ही आखडून उभी. हा प्रसंग दोन मिनिटांचासुद्धा नसेल, पण पुढची कितीतरी वर्षं या दोघींचं नातं त्याच पायावर उभं राहतं. नवरे, प्रियकर, नोकऱ्या येतात-जातात. फॉर्मवरचं नाव बदलत नाही. आणि ही मैत्री गुळगुळीतही नाही. दोघी सर्जन, दोघी महत्त्वाकांक्षी. एकीला मूल हवं, दुसरीला अजिबात नको. यावरून पुढे त्यांच्यात जे भांडण होतं ते मालिकेतल्या कुठल्याही ब्रेकअपपेक्षा जिव्हारी लागतं, कारण दोघींचंही बरोबर असतं.

क्रिस्टिनाचंच आणखी एक नातं, प्रेस्टन बर्क नावाच्या हृदयाच्या सर्जनशी. त्याला गोळी लागते आणि नंतर त्याचा हात थरथरायला लागतो. तो हे लपवतो. कसं? तर प्रत्येक ऑपरेशनला क्रिस्टिना त्याच्यासोबत उभी राहते आणि नाजूक काम तीच करते. तिला जन्मात मिळाला नसता असा सराव मिळतो, त्याची अब्रू वाचते, आणि टेबलावर झोपलेल्या पेशंटला यातलं काहीच माहीत नसतं. हे प्रेम आहे, स्वार्थ आहे की सरळ गुन्हा? तिन्ही. ‘ग्रेज’ रंगात असते तेव्हा ती नाती अशी कामात घालून दाखवते, बेडरूममध्ये नाही.

वरच्या पिढीचं प्रकरण तर मला जास्तच आवडलं. मेरेडिथची आई एलिस नावाजलेली सर्जन, आता अल्झायमरने स्वतःची मुलगीही न ओळखणारी. रुग्णालयाचे प्रमुख रिचर्ड वेबर यांचं आणि तिचं जुनं प्रकरण होतं. त्यामुळे वेबर मेरेडिथला ओरडतात तेव्हा तो साहेबाचा ओरडा, बापाचा, की जुन्या अपराधाचा, हे सांगता येत नाही. आणि मिरांडा बेली. पाच इंटर्नना धारेवर धरणारी बुटकी रेसिडेंट, म्हणजे त्यांच्या वरची शिकाऊ डॉक्टर. तिच्या रागाची सवय झाली की कळतं, या पोरांची काळजी करणारी तिथे तीच आहे.

आता खोट. ही मालिका लांबली, आणि लांबली की नात्यांचं काय होतं ते आपल्याला इथल्या मालिकांवरून माहीत आहेच. मेरेडिथला एक सावत्र बहीण भेटते, पुढे आणखी एक बहीण उगवते, मग नणंदही तिथेच नोकरीला लागते. सिएटलमध्ये दुसरं रुग्णालय नाही का? शिवाय ठरावीक काळानंतर प्रत्येकाचं प्रत्येकाशी कधी ना कधी जुळून गेलेलं असतं. क्रिस्टिना दहाव्या सीझनअखेर, २०१४ मध्ये मालिका सोडून गेली. नात्यांसाठी बघणाऱ्याने तिथे थांबायला काहीच हरकत नाही, मी तिथेच थांबले.

‘हाउस’ मध्ये याच्या बरोबर उलट. न्यू जर्सीतलं एक काल्पनिक रुग्णालय, तिथे ग्रेगरी हाउस नावाचा निदानातला बाप माणूस. पाय कायमचा दुखरा, हातात काठी, खिशात व्हायकोडिन या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाच्या गोळ्या, तोंडात विष. जवळजवळ दर भागात एक पेशंट आणि न सुटणारा आजार. पेशंट खोटं बोलतोच, यावर त्याचा ठाम विश्वास, आणि मालिका बहुतेक वेळा त्याला बरोबर ठरवते. शेरलॉक होम्सवरून हे पात्र घडवलंय, ते लपवलेलंही नाही: याच्या घराचा नंबरही २२१बी. मग वॉटसन कोण? कॅन्सरतज्ज्ञ जेम्स विल्सन, याचा एकुलता एक मित्र.

सगळं नातं या एका जोडीत आहे. हाउस विल्सनच्या ताटातलं उचलून खातो, त्याचे पैसे उडवतो, त्याच्या लग्नांवर टोमणे मारतो. मित्रावरचा जीव शिव्यांतून दाखवायची ही पद्धत लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पण तिसऱ्या सीझनमध्ये ट्रिटर नावाचा पोलीस हाउसच्या मागे लागतो, आणि कळतं की हाउसने गोळ्यांसाठी विल्सनच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर खोट्या सह्या केल्यात. विल्सन पोलिसाला सांगतो, सह्या माझ्याच. त्याचं बँक खातं गोठवलं जातं, औषधं लिहून द्यायचा अधिकार जातो, पेशंट दुसरीकडे पाठवावे लागतात. हाउस आभार मानत नाही. वर विल्सनवरच चिडतो. हे भाग मी अस्वस्थ होऊन बघितले. ही मैत्री की नुसतं व्यसन, आणि विल्सनला नेमकी कशाची गरज आहे, हाउसची की कोणाला तरी सांभाळत राहण्याची? मालिका उत्तर देत नाही. आठ सीझन हाच प्रश्न पुन्हा पुन्हा वेगळ्या कोनातून विचारते. कुठल्याही एका नात्याची एवढी खोल खोदाई ‘ग्रेज’ला जमलेली नाही, मेरेडिथ-क्रिस्टिना धरूनही.

बाकीची नाती मात्र हाउसभोवती फिरणारी. त्याच्या टीममधली डॉक्टर कॅमेरॉन, तिला तो आवडतो. तो तिला डेटवरच सुनावतो की तुला मोडकी माणसं दुरुस्त करायला आवडतात, म्हणून मी. (तिचा आधीचा नवरा मरणार हे माहीत असताना तिने लग्न केलेलं असतं. म्हणजे बोलणं क्रूर, पण नेम अचूक.) टीममधल्याच फोरमनला भीती, आपण हाउससारखे होऊ. रुग्णालयाची प्रमुख डॉ. लिसा कडी आणि हाउस यांची जुगलबंदी अप्रतिम, पण ती सातव्या सीझनमध्ये दोघं खरंच एकत्र येईपर्यंत. तिथून चव गेली. चौथ्या सीझनमध्ये नवी टीम निवडायला चाळीस उमेदवार बोलावून एकेकाला काढून टाकायचा खेळ आहे, तो धमाल आहे, पण त्यातून कळतं तेच: इथे माणसं बदलली तरी चालतात, हाउस आणि विल्सन सोडून.

तेव्हा फरक साधा आहे. ‘ग्रेज’ मधली माणसं नात्यांमुळे बदलतात. पहिल्या सीझनमधली क्रिस्टिना आणि दहाव्यातली, दोन वेगळ्या बायका आहेत. ‘हाउस’ मध्ये माणसं बदलत नाहीत, हाच तिचा सिद्धांत आहे. बदलायला निघालेला हाउस पुन्हा मूळपदावर येतो आणि आपल्याला ते पटतं. ‘ग्रेज’ मध्ये मनातलं सगळं बोलून दाखवतात, वर सुरुवातीला आणि शेवटी मेरेडिथच्या आवाजात तात्पर्यही. ‘हाउस’ मध्ये खरं बोलायची वेळ आली की कोणीतरी विनोद करतं. मला सुरुवातीला दुसरं जास्त हुशार वाटलं. पण ओळीने भाग बघितले की तो हजरजबाबीपणा एका सुरात जायला लागतो, आणि ‘ग्रेज’ मधला रडारडीचा मोकळेपणा बरा वाटतो.

एक गोष्ट दोन्हींत नाही, आणि मुंबईकराला ती ताबडतोब जाणवते. केईएम, सायन, नायर, कुठेही चार तास काढले असतील तर ठाऊक असतं की वॉर्ड चालवतात त्या सिस्टर आणि मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया. स्ट्रेचर कधी मिळणार, रक्ताचा नमुना लॅबला कोण नेणार, कुठल्या नातेवाइकाला आत सोडायचं, हे त्यांच्या हातात. आणि नातेवाईक! इथे एका पेशंटमागे डबा घेऊन आलेले चार असतात. तिथे हॉस्पिटलच्या खोलीत पेशंट आणि फार तर एक जण. भाचीला विचारलं, ‘ग्रेज’ मधल्यासारखी प्रेमप्रकरणं तुमच्याकडे ऑन-कॉल रूममध्ये, ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत, चालतात का गं? म्हणाली, “आत्या, ती खोली रिकामी मिळाली तर आम्ही झोपतो.” दोन्ही मालिकांत नर्स बहुतेक वेळा पार्श्वभूमीला उभ्या असतात. ज्यांना हे खटकेल त्यांनी २०२५ मध्ये आलेली ‘द पिट’ बघावी: पहिल्या सीझनमध्ये एका शिफ्टचे १५ तास, १५ भाग, आणि त्यात प्रमुख नर्स डेना सगळ्यांना सांभाळून असते.

आणि आपल्याकडची ‘मुंबई डायरीज’ आहेच. पहिला सीझन २०२१ चा, २६/११ च्या रात्रीचा. ‘बॉम्बे जनरल’ नावाच्या काल्पनिक सरकारी रुग्णालयात तीन नव्या रेसिडेंटचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी हल्ला. मृण्मयी देशपांडेची सुजाता आणि तिच्या दोन सहकाऱ्यांमधलं नातं एका रात्रीत घडतं. ते घाईचं आहे, पण खोटं वाटत नाही. कोंकणा सेनशर्माची चित्रा मात्र पहिल्या सीझनपेक्षा २०२३ च्या दुसऱ्या, पुराच्या सीझनमध्ये उलगडते, छळ करणारा तिचा नवरा समोर येतो तेव्हा. मोहित रैनाचे डॉ. ओबेरॉय आणि त्यांच्या बायकोचं नातं मला कोरडं वाटलं. नाट्य इतकं ठासून भरलंय की दोन माणसांना नीट बोलायला वेळच मिळत नाही. खऱ्या कामा रुग्णालयात त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिकेने गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत हलवलं होतं. हे माहीत असलं की पडद्यावरचे डॉक्टरांचे लांबलचक वाद जरा जास्तच वाटतात. दोन सीझन मिळून १६ भाग, एका शनिवार-रविवारचं काम.

तर निवड. माझा कौल ‘ग्रेज’ला, दहाव्या सीझनपर्यंत. नाती या एकाच कारणासाठी बघणार असाल तर तिथे निवडायला माल जास्त आहे: मैत्रिणी, गुरू-शिष्य, आई-मुलगी, आणि हवं असेल त्यांना डेरेक. पण रोज विरार किंवा कल्याण लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने बघणार असाल तर ‘हाउस’ घ्या. दर भागात पेशंटची गोष्ट संपते, दोन दिवस चुकले तरी धागा सापडतो. ‘ग्रेज’ मध्ये तीन भाग हुकले की कोण कोणावर चिडलंय तेच कळत नाही. कुटुंबासोबत बघायचं असेल तर दोन्ही जपून, ‘ग्रेज’ जास्त जपून. आणि ‘हाउस’ धरलीत तर चौथ्या सीझनचे शेवटचे दोन भाग घरी, एका बैठकीत बघा. विल्सनसाठी. ते ट्रेनमध्ये बघायचे नाहीत.