पाईपची फ्रेम, नऊ महिने आणि एक पीळ

गेल्या आठवड्यात मी स्वतः बांधलेल्या सीएनसी मशीनमागे (संगणकाच्या हुकमाने कटर फिरवून धातू कोरणारं यंत्र) पडलेला कोलेट, म्हणजे कटर धरणारी चिमटी, काढायला मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. तिथे केबल मोकळी फिरत होती, म्हणून तिथेच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियममध्ये खिसा, म्हणजे सपाट तळाचा खड्डा, कोरला. पुढच्या बाजूला सगळीकडे ५ मि.मी. खोल. मागच्या बाजूला डावीकडे ५, उजवीकडे जवळपास साडेपाच. शिवाय मागे २५ मि.मी.च्या कटरने फेसिंग मारलं (वरचा थर तासून सपाट केला) की दर फेरीला नखाला लागेल अशी पायरी. नऊ महिने बिनतक्रार चाललेलं मशीन हातभर सरकवल्यावर वाकडं झालं होतं.

तेव्हा हा अनुभव फ्रेमचा आहे. मोटर, ड्रायव्हर, बॉलस्क्रू याबद्दल माझी तक्रार नाही आणि त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. माझी मांडणी नेहमीचीच : ८० × ८० × ४ मि.मी.चा चौकोनी पाईप, २० मि.मी.चे रेल, त्यांवर सरकती गॅन्ट्री (कटर वाहून नेणारी आडवी कमान), चार पाय, प्रत्येक पायाखाली एम १६ चा बोल्ट. पाईप भंगारातून उचलला. एवढ्या जाड पाईपचा मीटर नऊ-साडेनऊ किलो भरतो, त्यामुळे नवा घ्यायचं जिवावर आलं. भंगारातला पाईप बाहेरून गंजलेला असला तरी ग्राइंडरने साफ होतो. जरासा वाकलेला असेल तर मात्र ते दोरी लावल्याशिवाय कळत नाही, आणि मी दोरी लावली नाही.

वेल्डिंग बाहेरून करून घेतलं. टॅक (जागेपुरते वेल्डचे टाके) मारल्यावर आणि पूर्ण वेल्ड झाल्यावर, दोन्ही वेळा कर्ण मोजले. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. महिनाभर हे मी भेटेल त्याला सांगत होतो. कर्ण सारखे म्हणजे चौकट काटकोनात, एवढंच. चारही कोपरे एका पातळीत आहेत की नाही हे कर्ण सांगत नाहीत. चौकटीचा एक कोपरा मिलिमीटरभर वर उचलला तरी कर्ण जवळपास तेवढेच राहतात. हा पीळ, आणि यानेच माझं डोकं खाल्लं.

पीळ पाहायला दोरा पुरतो. चारही कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवायचे आणि मासे पकडायची नायलॉनची दोरी दोन्ही कर्णांवर ताणायची. मध्यभागी दोन्ही दोऱ्या एकमेकींना निसटत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली तर कोपऱ्याची चूक त्या फटीच्या दुप्पट. फट नसेल तरी वरची दोरी खाली आणि खालची वर घेऊन पुन्हा बघायचं, कारण वरची दोरी खालचीवर दाबून बसली असेल तर पहिल्या फेरीत काहीच दिसत नाही. मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला : ०.४. म्हणजे कोपरा ०.८ मि.मी. बाहेर.

साहजिकच खापर वेल्डरवर फोडलं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईपला आपल्याकडे ओढतो, म्हणून समोरासमोरच्या सांध्यांवर आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करायचं असतं. त्याने ते केलं होतं, मी समोर उभा होतो. तरीही तक्रार घेऊन गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चारही पाय नीट टेकलेत का ते आधी बघा." मला वाटलं, टाळतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मग इथे तर लोखंड लाल करून झालं होतं. फ्रेम मिलिंगला (मोठ्या मशीनवर तासून सपाट करून घ्यायला) पाठवायचा खर्च बाकीच्या सगळ्या फ्रेमपेक्षा जास्त येत होता, म्हणून तो विषय तिथेच मिटवला.

उपाय म्हणून रेलच्या जागेवर पातळ, सावकाश बसणारं इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारी राळ) ओतलं. दोन्ही बाजूंचे साचे मधल्या नळीने जोडले की द्रव आपोआप दोन्हीकडे एकाच पातळीवर येतो. एक सूचना : साचा रेलपेक्षा बराच रुंद ठेवा. कडेला इपॉक्सी भिंतीवर चढतं आणि तेवढी पट्टी नंतर खरवडून टाकावी लागते. मग ४.२ च्या ड्रिलने चाळीस भोकं पाडून त्यांत एम ५ चे आटे पाडले. ४ मि.मी. जाडीत पाचच आटे बसतात, पण रेलला पुरतात. एकतिसाव्या भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोडला. ते भोक आजही रिकामं आहे आणि त्याने काहीही बिघडलेलं नाही.

वाळूबद्दलचं मत मात्र मी बदललं आहे. पाईपमध्ये वाळू भरणं मला हौशी चाळे वाटायचे. पण गॅन्ट्री वेगाने दिशा बदलायची तेव्हा पाईप घंटेसारखा घुमायचा. वैतागून कोरडी वाळू ठोकून ठोकून भरली. मीटरला आठेक किलो वाढले, घुमणं जवळजवळ संपलं आणि एन्ड मिलचा, म्हणजे कटरचा, किंचाळण्याचा आवाज गेला. याचा अर्थ फ्रेम ताठ झाली असं नाही. स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या भागाला) हाताने रेटून डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावला तर काटा आधीइतकाच हलतो. ताठपणा पाईपच्या आकारातून आणि जाडीतून येतो, वाळू फक्त कंप गिळते. वाळू ओली मात्र भरू नका. पाईप आतून गंजतो आणि ते बाहेरून दिसतही नाही.

आता गेल्या आठवड्याकडे. दोऱ्या पुन्हा ताणल्या, यावेळी इपॉक्सीवर. मध्यभागी ०.३ ची फट, म्हणजे कोपरा ०.६ बाहेर. त्यातही बेड (ज्यावर कोरायचा तुकडा बसतो तो) अगदी सपाट होता. बेडची जाड प्लेट मी फ्रेमवर तीनच ठिकाणी टेकवली आहे, तीही शिम (उंची जुळवायच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) लावायचा कंटाळा म्हणून. तीन टेकू कशाही जमिनीवर टेकतात, त्यामुळे प्लेटला पीळ बसलाच नाही. खालची फ्रेम फिरली, तिच्याबरोबर रेल फिरले, आणि प्लेट आपल्या जागी राहिली.

मागचा उजवा पाय हलवून पाहिला तर त्याखालून कागद सरकत होता. दीडशे किलोच्या आसपासचं धूड, पण एक पाय अधांतरी राहिला की त्या कोपऱ्याकडे लवतं. त्या बोल्टला एक पेच म्हणजे २ मि.मी. मी पाव पेच फिरवला, मग आणखी थोडा. दोऱ्या टेकल्या. पुन्हा खिसा कोरला : सगळीकडे ५.

म्हणजे नऊ महिन्यांपूर्वीच्या त्या ०.८ मधलं वेल्डिंगचं किती आणि जमिनीचं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्यावर इपॉक्सी ओतून मी जुन्या जागेचा उंचसखलपणा फ्रेममध्ये कायमचा गोठवून ठेवला आहे. वेल्डरबद्दल जे बोललो त्यातलं निदान निम्मं मागे घेतो. नव्याने करणाऱ्याने इपॉक्सी ओतण्याआधी फ्रेम तीन पायांवर उभी करावी, फक्त गॅन्ट्रीचं वजन कुठल्याही टोकाला त्या त्रिकोणाबाहेर जात नाही ना ते बघून. माझ्या बाबतीत तसं करायचं तर सगळे रेल काढून, थर खरवडून पुन्हा ओतावा लागेल, आणि पुन्हा चाळीस भोकांत आटे. तूर्त चारही नटांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत आणि नायलॉनची दोरी गॅन्ट्रीच्या खिळ्यालाच टांगून ठेवली आहे.