सहउमेदवार निवडताना: राज्य मिळवून देणारा की राज्य चालवणारा?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला प्रचाराच्या धामधुमीत शेकडो निर्णय घ्यावे लागतात. पण सहउमेदवाराची, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची, निवड हा त्यांतला असा निर्णय आहे, जो निवडून आल्यावर फिरवता येत नाही. मंत्री बदलता येतो, सल्लागाराला घरी पाठवता येते. उपाध्यक्षाला मात्र अध्यक्ष पदावरून दूर करू शकत नाही, कारण तोही त्याच निवडणुकीतून, त्याच चार वर्षांसाठी आलेला असतो. आपल्याकडे राष्ट्रपतिपद रिकामे झाले, तर उपराष्ट्रपती नवी निवडणूक होईपर्यंतच त्या पदाचे काम पाहतात. अमेरिकेत उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी अध्यक्ष होतो. आजवर नऊ वेळा तसे घडले आहे: आठदा अध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एकदा निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन १९४५ मध्ये अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना उपाध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची धड माहितीही त्यांना कोणी दिलेली नव्हती.

निवड करणाऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात, आणि मराठीतील ‘राज्य’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे नेमके लागू पडतात. एखादे घटकराज्य पारड्यात टाकणारा माणूस घ्यायचा, की राज्यकारभार चालवू शकणारा?

पहिल्या मार्गाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६० चे. मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी कॅथलिक होते आणि दक्षिणेतील प्रोटेस्टंट मतदार त्यांच्याकडे साशंकतेने पाहत होते. त्यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना बरोबर घेतले, तेही सख्खे बंधू रॉबर्ट यांना ही निवड पसंत नसताना. जॉन्सन यांनी रेल्वेगाडीतून दक्षिण पिंजून काढली आणि टेक्सासची २४ इलेक्टोरल मते (अध्यक्ष निवडणारी राज्यवार मते; बहुतेक राज्यांत ती सगळी तेथील विजेत्यालाच मिळतात) सुमारे ४६ हजार मतांच्या निसटत्या आघाडीने केनेडी यांच्या पदरात पडली. या एका उदाहरणाच्या जोरावर पुढची कित्येक वर्षे ‘राज्य आणणारा सहउमेदवार’ हे सूत्र चालत राहिले.

तेच सूत्र १९८८ मध्ये पुन्हा वापरले गेले, तेव्हा काय झाले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मॅसॅच्युसेट्सचेच गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी टेक्सासचेच सिनेटर लॉइड बेंट्सन यांना निवडले. मांडणी हुबेहूब केनेडी-जॉन्सन यांची. वादसभेत बेंट्सन यांनी प्रतिस्पर्धी जोडीतील सहउमेदवार डॅन क्वेल यांना निरुत्तर केले. टेक्सासच्या कायद्यात, मुळात जॉन्सन यांच्यासाठीच केलेली, अशी सोय होती की उपाध्यक्षपदासाठी उभे असतानाच सिनेटची जागाही लढवता यावी. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच मतदारांपुढे बेंट्सन दोन पदांसाठी उभे होते. मतदारांनी त्यांना सिनेटर म्हणून पुन्हा निवडून दिले आणि राज्याची २९ इलेक्टोरल मते बुश-क्वेल जोडीला दिली. थोरले बुश स्वतः टेक्सासवासी होते, ही गोष्ट अर्थातच लक्षात घ्यावी लागेल. तरीही माणूस आवडतो म्हणून त्याच्या वरचे नावही मतदार स्वीकारतोच असे नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. पुढे २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांना विस्कॉन्सिन मिळवून देता आले नाही. राज्य आधीच काठावर असेल तरच सहउमेदवाराचा धक्का उपयोगी पडतो, एवढेच या मार्गाबद्दल खात्रीने म्हणता येईल.

दुसऱ्या मार्गाची सुरुवात खऱ्या अर्थाने १९७६ मध्ये झाली. जॉर्जियाचे जिमी कार्टर यांना वॉशिंग्टनच्या कारभाराचा अनुभव नव्हता. संभाव्य नावांपैकी काहींना त्यांनी प्लेन्स या आपल्या गावी बोलावून सावकाश बोलून पाहिले आणि मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर माँडेल यांची निवड केली. निवडून आल्यावर माँडेल यांनी आपल्या पदाचे काम काय असावे याचे टिपणच कार्टर यांना लिहून दिले. तोवर उपाध्यक्षांचे कार्यालय व्हाइट हाउसच्या शेजारच्या इमारतीत असे; माँडेल यांना ते व्हाइट हाउसच्याच वेस्ट विंगमध्ये, अध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसपासून काही पावलांवर मिळाले. अध्यक्षांकडे जाणारे कागद त्यांच्याकडेही जाऊ लागले आणि आठवड्यातून एकदा दोघे एकत्र जेवू लागले. किरकोळ वाटणाऱ्या या सोयींमुळे उपाध्यक्षपद शोभेचे राहिले नाही.

या मार्गालाही धोके आहेत. धाकट्या बुश यांच्यासाठी २००० मध्ये सहउमेदवार शोधण्याचे काम डिक चेनी यांच्याकडे होते आणि शेवटी निवड झाली ती त्यांचीच! एखाद्या राज्याच्या निर्वाचकांना (इलेक्टोरल मते देणाऱ्या प्रतिनिधींना) दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मते देता येत नाहीत, म्हणून बुश यांच्याप्रमाणेच टेक्सासमध्ये राहणाऱ्या चेनी यांनी घाईने आपली मतदारनोंदणी वायोमिंगला हलवली. वायोमिंगची मते तीनच, म्हणजे ही निवड राज्यासाठी नव्हती हे उघड होते. पण अनुभवी सहकारी अध्यक्षापेक्षा वजनदार ठरला, तर देश नक्की कोण चालवतो हा प्रश्न कायमचा पाठीस लागतो, आणि बुश यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो लागला.

तिसरा मार्ग धक्कातंत्राचा. त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ७२ वर्षांच्या जॉन मॅकेन यांनी २००८ मध्ये, गव्हर्नरपदाची दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या सारा पेलिन यांना निवडले. सभांना गर्दी झाली, पण मुलाखतींनी ती हवा काढून घेतली.

मार्ग कोणताही असो, छाननीला पर्याय नाही. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी १९७२ मध्ये पक्षाच्या अधिवेशनाच्या घाईगर्दीत, फोनवरच्या जुजबी चौकशीनंतर टॉमस ईगल्टन यांचे नाव पक्के केले. नैराश्यामुळे ते तीनदा रुग्णालयात दाखल झाले होते आणि त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, हे नंतर बाहेर आले. आपण हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहोत असे मॅकगव्हर्न यांनी जाहीर केले आणि निवडीनंतर अठरा दिवसांनी त्यांना माघार घ्यायला लावली. आजारापेक्षा या माघारीनेच त्यांचे अधिक नुकसान केले, असे मला वाटते.

कमला हॅरिस यांना २०२४ मध्ये वेळ याहूनही कमी होता असे नाही, पण पुरेसाही नव्हता: बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि ६ ऑगस्टला सहउमेदवार जाहीर झाला. शेवटी नावे तीन उरली. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शापिरो यांच्यामागे काठावरच्या राज्याची १९ मते होती, आणि कारभाराचा दाखलाही. आय-९५ महामार्गाचा कोसळलेला भाग २०२३ मध्ये त्यांच्या प्रशासनाने बारा दिवसांत वाहतुकीला खुला केला होता. ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली नौदलाचे वैमानिक आणि अंतराळवीर. सीमेच्या प्रश्नावर बोलायला योग्य, राज्याची मते ११. मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ माजी शिक्षक, बारा वर्षे प्रतिनिधिगृहात काढलेले, बोलायला मोकळे. पण त्यांचे राज्य बहुधा मिळणारच होते. निवड वॉल्झ यांची झाली.

शापिरो असते तर निकाल फिरला असता, हे विधान आकडेमोडीत टिकत नाही. हॅरिस यांना २२६ मते मिळाली. पेनसिल्व्हेनिया धरून २४५ होतात आणि लागतात २७०. मिशिगन आणि विस्कॉन्सिनही हाती आले असते तरच बरोबर २७० भरतात. तरीही ‘राज्य’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्यांच्यापाशी एकत्र होते ते शापिरोच, म्हणून कागदावर मी त्यांचेच नाव वर ठेवले असते. मात्र ४ ऑगस्टच्या रविवारी हॅरिस यांनी तिघांना आपल्या निवासस्थानी बोलावून समोरासमोर बोलून घेतले. ज्याला काढता येत नाही अशा माणसाबरोबर चार वर्षे दर आठवड्याला जेवायला बसता येईल का, हे त्या भेटीतच कळणार होते, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा एकटीचाच होता.