सेक्शनल गॅरेज डोअरचं किट घरी बसवलं: किट चांगलं आहे, पण स्प्रिंगचा पीळ टेक्निशियनकडूनच देऊन घ्या

मंडळी, आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घराचं गॅरेज डोअर या समरमध्ये बदललं, सेक्शनल म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेल्या आडव्या पॅनेलचं, १६ फूट बाय ७ फुटांचं डबल डोअर, स्टीलचं, आत फोम भरलेलं. किट होम सेंटरमधून आणलं आणि नवरा, मी आणि मिलवॉकीहून आलेले माझे दीर अशा तिघांनी मिळून बसवलं. टॉर्शन स्प्रिंगचं, म्हणजे पीळ देऊन दाराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचं, काम मात्र पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं. ग्रुपवर बरेच जण विचारत असतात की हे घरी जमतं का, सेफ आहे का, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही कारण या प्रकारची किटं सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच असतात, आणि मला जे सांगायचंय ते कोणत्याही किटला लागू आहे.

आधी किटबद्दल. पॅनेल खरंच छान आहेत. ७ फुटी दार म्हणजे २१ इंचांची ४ पॅनेल, आतून-बाहेरून स्टीलचा पत्रा आणि मध्ये पॉलियुरेथेन. आमच्या गॅरेजवर मुलांची बेडरूम आहे, जुनं दार नुसत्या एका पत्र्याचं होतं त्यामुळे शिकागोच्या थंडीत त्या खोलीची फरशी बर्फासारखी व्हायची, म्हणून इन्सुलेशनसाठी थोडे जास्त पैसे घातले आणि ते वसूल होणार असं आत्ताच वाटतंय, कारण दार बंद केलं की रस्त्यावरचा आवाजसुद्धा निम्मा होतो. एका पॅनेलचा कोपरा चेपलेला आला होता, फोटो दाखवल्यावर दुकानाने काही न बोलता बदलून दिला. रंगाला आधी एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) परवानगी घेतली, ती लागतेच, आणि सिटीचं परमिट लागतं का तेही फोन करून विचारून घ्या, प्रत्येक गावाचं वेगळं असतं.

आता तक्रारी. बॉक्समध्ये सगळं असतं असं समजू नका. चौकटीच्या बाहेरून लावायची रबरी पट्टीवाली मोल्डिंग वेगळी घ्यावी लागते, ओपनरचा (दार उघडणाऱ्या मोटरचा) दांडा वरच्या पॅनेलला जिथे जोडतात ते ब्रॅकेट वेगळं, मागचे ट्रॅक छताला टांगायच्या भोकाभोकाच्या लोखंडी पट्ट्यासुद्धा वेगळ्या. त्यातलं ब्रॅकेट तर अजिबात टाळू नका, ते आणि १६ फुटी दाराला आडवी मजबुती देणारी पट्टी नसेल तर ओपनर ओढतो तेव्हा वरचं पॅनेल मध्येच वाकतं, पत्रा चुरगळतो. पण माझी खरी नाराजी मॅन्युअलवर आहे. तीन वेगवेगळ्या स्प्रिंग सिस्टिमसाठी एकच पुस्तिका, चित्रं अंगठ्याच्या नखाएवढी, आणि स्प्रिंगला पीळ द्यायचा भाग इतर पायऱ्यांसारखाच मधल्या एका पानावर छापलाय. धोक्याची सूचना आहे, नाही असं नाही, पण ज्या कामात हाड मोडू शकतं ते काम हँडल लावण्याच्या कामासारखंच दिसावं हे मला पटत नाही.

का ते सांगते. आमच्यासारखं इन्सुलेटेड डबल दार १५० ते २०० पाउंडांचं असतं, म्हणजे साधारण ७० ते ९० किलो. ते आपण एका हाताने उचलतो, छोटीशी मोटर उचलते, ते कशाच्या जोरावर? दाराच्या वर बसवलेल्या शाफ्टवरच्या (आडव्या दांड्यावरच्या) टॉर्शन स्प्रिंगच्या. दार खाली असताना स्प्रिंग पूर्ण पिळलेली असते, दाराचं जवळजवळ सगळं वजन तिने पेललेलं असतं. म्हणजे दार बंद आणि शांत दिसतं तेव्हाच तिच्यात सगळ्यात जास्त ताकद साठलेली असते. तो पीळ हातातून सुटला तर पीळ द्यायचा लोखंडी बार गरगर फिरतो आणि समोर हात असो, तोंड असो, विचारत नाही. यूट्यूबवर दहा मिनिटांत करून दाखवतात आणि ते बघून आपल्याला वाटतं त्यात काय एवढं. ज्यांनी हजार वेळा केलंय त्यांना ते सोपं आहे. आपण आयुष्यात एकदाच करणार.

म्हणून आम्ही टेक्निशियनला दोनदा बोलावलं, एकदा जुन्या दाराच्या स्प्रिंगचा पीळ सोडवायला आणि नंतर नव्या दाराच्या स्प्रिंगला पीळ द्यायला. पहिली फेरी लोक विसरतात हो! नवीन दाराची काळजी करतात आणि जुनं दार पाना घेऊन सरळ खोलायला लागतात. जुन्या दाराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जे ब्रॅकेट असतं, जिथे केबल अडकवलेली असते, ते साधं दोन-चार स्क्रूंवर असतं पण स्प्रिंगचा सगळा ताण त्या केबलवर असतो. बऱ्याच दारांवर त्याला लाल रंग किंवा लाल लेबल असतं ते उगीच नाही. मी तिथली जळमटं काढायला गेले तर दीर लांबूनच ओरडले, "वहिनी, स्प्रिंग सोडवल्याशिवाय त्या खालच्या ब्रॅकेटला हात लावायचा नाही!" ते फॅक्टरीत मेंटेनन्सला आहेत, त्यांची शिस्त फार उपयोगी पडली.

टेक्निशियन शोधायला थोडा त्रास झाला. पहिल्या एक-दोन ठिकाणी सांगितलं की दार आमच्याकडून घेतलं तरच येऊ. मग शेजाऱ्यांच्या ओळखीने एक एकटाच काम करणारा वयस्कर माणूस मिळाला, त्याने फोनवरच माप, दाराचं वजन, स्प्रिंग एक की दोन, छताला जागा किती, सगळं विचारून घेतलं आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे आधीच सांगितले. पूर्ण बसवणीचं जे कोटेशन दुकानाने दिलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी. वेळेवर आला, काम दाखवत दाखवत केलं. त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

मधलं सगळं काम आमचं. जुनं दार वरच्या पॅनेलपासून एकेक करून उतरवलं, स्प्रिंग सुटल्यावर दार पूर्ण वजनाचं होतं हे लक्षात ठेवा, आधार नसताना उचलायला जाऊ नका. नवीन दारात सगळ्यात जास्त वेळ पहिल्या पॅनेलला द्या. गॅरेजची जमीन कधीच सपाट नसते, आमची एका बाजूला चांगली अर्धा इंच उतरती निघाली, तर पॅनेल जमिनीला धरून नाही, लेव्हल लावून सरळ करायचं, खाली लाकडाच्या पाचरी सरकवायच्या, उरलेली फट खालचं रबर भरून काढतं. हे पहिलं वाकडं बसलं तर वरचे तिन्ही वाकडेच जाणार. आणि केबल याच वेळी खालच्या ब्रॅकेटला अडकवून रोलर आणि भिंत यांच्या मधून वर काढून ठेवायची, नंतर आठवलं तर परत सगळं खोला.

बिजागऱ्यांवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. कडेच्या बिजागऱ्यांत खालच्या सांध्याला १, त्याच्या वर २, त्याच्या वर ३, आणि मधल्या सगळ्या १ नंबरच्याच. दिसायला सारख्याच वाटतात पण प्रत्येकीत रोलरची जागा थोडी थोडी मागे जाते, त्यामुळे दार बंद होताना चौकटीला घट्ट टेकतं आणि उघडताना सुटं होतं. अदलाबदल झाली तर दार घासतं, नाहीतर फट राहते, आणि लोक बिचारे ट्रॅक ठोकत बसतात. आम्ही आधीच सगळ्या बिजागऱ्या नंबरप्रमाणे वेगळ्या डब्यांत काढून ठेवल्या होत्या.

आणखी एक, आणि हे अगदी जिवाशी येणारं आहे. आडवे ट्रॅक मागून छताच्या जॉइस्टला (आतल्या लाकडी तुळयांना) पक्के टांगल्याशिवाय दार एक फूटसुद्धा वर करून बघायचं नाही. नुसत्या ड्रायवॉलमध्ये (छताच्या प्लास्टरच्या पातळ तक्त्यात) स्क्रू मारून चालत नाही, लाकूड शोधायचंच. बघूया तरी सरकतंय का, हा मोह फार होतो, मुलं पण मागे लागतात, पण त्या टांगणीशिवाय ट्रॅक फाकले तर अख्खं दार डोक्यावर येतं. तसंच स्प्रिंगचं मधलं ब्रॅकेट दाराच्या वरच्या भरीव लाकडात लॅग स्क्रूने (लाकडात घालायच्या जाड, लांब स्क्रूने) बसलं पाहिजे. आमचं जुनं लाकूड चिरलेलं होतं, टेक्निशियनने पहिल्या फेरीतच बोट ठेवून दाखवलं आणि आम्ही ते बदलूनच पुढे गेलो.

दुसऱ्या फेरीत मी लांब उभी राहून सगळं बघितलं. त्याने आधी दोन्ही ट्रॅकवर रोलरच्या वर लॉकिंग प्लायर (आवळल्यावर तशीच धरून राहणारी पक्कड) घट्ट आवळले, म्हणजे पीळ जास्त झाला तरी दार उसळून वर जाणार नाही. मग दोन्ही स्प्रिंगवर खडूने आडवी सरळ रेघ मारली. शिडी बाजूला, स्वतः बाजूला, चेहरा कधीच स्प्रिंगच्या रेषेत नाही. हातात दोन भरीव लोखंडी बार, अर्धा इंच जाडीचे, दीड फुटाचे. एक बार स्प्रिंगच्या टोकाच्या तुकड्यातल्या भोकात पूर्ण तळापर्यंत घालायचा, पाव वळसा द्यायचा, तो धरून ठेवून दुसरा बार पुढच्या भोकात घालायचा, मगच पहिला काढायचा. एकही क्षण असा नाही की दोन्ही बार बाहेर आहेत. ७ फुटी दाराला साधारण साडेसात वळसे, म्हणजे ३० पाव वळसे, आणि ती खडूची रेघ स्प्रिंगवर गोल गोल चढत जाते, तिच्यावरून वळसे मोजता येतात. शेवटच्या काही वळशांना त्या तगड्या माणसाचे दंड थरथरत होते. बारच्या जागी स्क्रू ड्रायव्हर वापरणारे लोक आहेत असं तो म्हणाला, कृपा करून तसलं काही करू नका, तो भोकात नीट बसत नाही आणि निसटतो.

ज्यांना स्वतःच करायचंच आहे त्यांच्यासाठी ड्रिलने पीळ देता येतो अशा सिस्टिमही मिळतात, काहींत स्प्रिंग नळीच्या आत बंद असते. त्या मोकळ्या बारपेक्षा नक्कीच बऱ्या. पण किट घेताना ते बघून घ्यावं लागतं, नंतर बदलता येत नाही सहजासहजी. स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडझापीच्या हिशोबाने बनवलेल्या असतात, दिवसाला चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. आमच्याकडे दोन गाड्या आणि मुलांच्या सायकली, मुख्य दारापेक्षा हेच दार जास्त उघडतं, म्हणून आम्ही दुप्पट आयुष्याच्या स्प्रिंग घातल्या. थोडेच पैसे जास्त पडले.

पीळ दिल्यावर ओपनर न जोडता दार हाताने कमरेपर्यंत उचलून सोडायचं. तिथेच थांबलं तर बॅलन्स बरोबर. आमचं थांबलं. ही टेस्ट तुम्ही आत्ता तुमच्या जुन्या दारावरही करू शकता, दार बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून (त्याने ओपनर दारापासून सुटा होतो), पण दोन्ही हात दारावर ठेवून आणि खाली पाय न ठेवता, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं. दार जड लागलं तर तिथेच सोडून द्या आणि माणूस बोलवा.

ओपनर जुनाच ठेवला. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती ओपनरना अमेरिकेत फोटो सेन्सरसारखी (दाराखाली कोणी आलं तर दार उलटं फिरवणारी) सोय सक्तीची आहे, त्याआधीचा ओपनर घरात असेल तर दारासोबत तोही बदला. सेन्सर जमिनीपासून ६ इंचांपेक्षा वर नकोत, रांगणारं बाळ खालून जाऊ शकतं. मग २ बाय ४ ची लाकडी फळी दाराखाली आडवी ठेवायची आणि दार बंद करायचं, फळीला लागताच ते उलटं फिरलं पाहिजे. आमचं पहिल्यांदा जोर लावून मगच फिरत होतं, ओपनरची फोर्स सेटिंग कमी करून परत परत बघितलं. नवीन दाराचं वजन वेगळं असतं, त्यामुळे जुनी सेटिंग तशीच चालेल असं धरू नका. कॅलिफोर्नियातल्यांनी एक लक्षात ठेवा, तुमच्याकडे १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नवीन ओपनरला बॅटरी बॅकअप लागतोच, वणव्यात लाइट गेल्यावर लोकांना दारं उघडता येईनात त्यातून तो कायदा आला.

आणि भारतातून येणारे आईबाबा. गावाकडे शटर असतं, ते खाली ओढायची सवय, मग इथे लाइट गेली की बाबा लोक दोन पॅनेलच्या फटीत बोटं घालून दार ओढतात. दार सरळ होताना ती फट मिटते, बोटं चेचली जातात. आमच्या किटमध्ये फटीत बोट जाऊ नये असे सांधे आहेत, हा मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग, पण तरी मी आतून-बाहेरून दोन्हीकडे हँडल लावून घेतले आणि सासऱ्यांना आल्या दिवशीच दाखवलं की बाबा, इथेच धरायचं. भिंतीवरचं बटण मुलांच्या हाताला लागणार नाही एवढं वर, ५ फुटांच्या वर, लावलंय.

एकंदरीत किटला पाचपैकी चार, एक मार्क त्या मॅन्युअलचा कापला. तिघं धडधाकट माणसं, दोन शिड्या आणि एक निवांत वीकेंड नसेल तर पूर्ण बसवणी दुकानाकडूनच घ्या, दोघांत डबल दार उचलणं अवघड आहे. ऑर्डर करायच्या आधी दाराच्या वर छतापर्यंत किती जागा आहे ती मोजा, साध्या ट्रॅकला साधारण १२ ते १५ इंच लागतात आणि ओपनर असेल तर अजून तीनेक इंच, कमी असेल तर लो हेडरूमचं वेगळं किट येतं. दोन्ही बाजूंची जागा आणि मागची खोलीही मोजा. मापं आणि फोटो इथे टाकलेत तर मी आणि दीर मिळून बघून सांगू, आणि नेपरव्हिल-ऑरोराच्या बाजूला कोणाला त्या टेक्निशियनचा नंबर हवा असेल तर मेसेज करा, त्याला विचारून देते.