चौदा एक्सेप्शन घेऊन गेलो, दोन घेऊन आलो

नागपूरच्या धरमपेठेत एका जुन्या घराच्या माडीवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची रविवारची बॅच चालते. विषय एरर हाताळणी. दोन रविवार, फी १,८०० रुपये.

मी कळमन्यातल्या एका संत्रा अडत्याचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात मी स्वतः बनवलेली चौदा एक्सेप्शन होती, म्हणजे काही बिघडलं की प्रोग्रामनं उठवायच्या एररची खास नावं. वजन शून्याखाली गेलं की एक, मोबाइल नंबर नऊ आकडी निघाला की एक, तारीख पुढची पडली की एक. प्रत्येकाच्या पोटात नुसतं 'पास', म्हणजे आत काहीच नाही. मला तर अभिमानच होता राजेहो!

सरांनी माझा कोड पडद्यावर लावला आणि एकेका नावावर बोट ठेवून एकच विचारलं, "हे पकडल्यावर तू वेगळं काय करतो?" बारा वेळा माझं उत्तर तेच: मेसेज दाखवतो. "मग पायथनमध्ये चुकीच्या मूल्यासाठी तयारच असलेल्या व्हॅल्यू-एररनं तुझं काय घोडं मारलं?"

उरली दोन. पहिलं दराचं. डिक्शनरीत, म्हणजे नाव ('की') दिलं की किंमत देणाऱ्या यादीत, दर नसला तर की-एरर यायची, ती पकडून मी बिल 'दर बाकी' म्हणून बाजूला टाकायचो. मागच्या मृग बहारात हमालीच्या की-चं स्पेलिंग मीच चुकवलं. तीही की-एररच! दर भरलेली बिलंसुद्धा दिवसभर 'दर बाकी'त साचली आणि संध्याकाळी शेठनी माझी हजेरी घेतली. हे ऐकून सरांनी दर शोधणाऱ्या फंक्शनमध्येच की-एरर पकडायला लावली आणि तिथून 'रेज… फ्रॉम' (एका एररवरून दुसरी उठवणारी ओळ) लिहून माझं 'दर-नाही' उठवायला लावलं. 'फ्रॉम'मुळे मूळ एररही ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे एरर कुठून आली त्या यादीत, दिसते. आता स्पेलिंग चुकलं तर प्रोग्राम बोंबलतो, गप्प बसत नाही.

दुसरं वजनकाट्याचं. केबल हलली की तीनदा पुन्हा वाचायचं, नाहीच जमलं तर वजन हातानं टाकायला खिडकी उघडायची. इथे करायचं कामच निराळं, म्हणून ते राहिलं.

काम वेगळं तिथे नाव वेगळं, पायथननं स्वतःही हेच केलं, हे मला तिथे कळलं. २०१२च्या ३.३ आवृत्तीत ओएस-एरर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एररखाली फाइल-नॉट-फाउंड, परमिशन अशी पोटनावं आली. त्याआधी फाइल नाही की परवानगी नाही, हे एरर नंबर तपासून ओळखावं लागे.

तक्रारी आहेत. नोट्समध्ये पानोपानी तेच उदाहरण, बँक खातं आणि अपुरी शिल्लक. दुसऱ्या रविवारी जावा या दुसऱ्या भाषेतल्या चेक्ड एक्सेप्शनवर (जी पकडणं किंवा जाहीर करणं सक्तीचं असतं) पाऊण तास गेला, मला त्याचा उपयोग शून्य. सगळ्या एक्सेप्शनना एक समाईक मायबाप क्लास (ज्याच्या पोटात बाकीची सगळी येतात) हवाच, हा सरांचा हट्टही मला पटला नाही. इतरांनी वापरायचा कोड, म्हणजे लायब्ररी, लिहिणाऱ्यानं करावं ते. माझ्याकडे दोनच आहेत आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

मधल्या सुट्टीतले तर्री पोहे मात्र फीमध्येच, आणि तर्री खरोखर तिखट. नवशिक्यांनी जाऊ नये. ज्याच्याकडे स्वतःचा चालू, थोडा बिघडलेला कोड आहे त्यानं जावं. कूलरजवळ बसू नका, सरांचा आवाज पोचत नाही.