एकल रियाज की साथसंगत?
तबल्याच्या विद्यार्थ्याने पहिला मान एकल रियाजालाच द्यावा, कारण कायदा आणि रेला (एकल तबल्यातल्या ठरावीक बोलरचना) वाजवताना बोटांना येणारी स्पष्टता दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून मिळत नाही. मात्र विलंबित (संथ लयीच्या) तीनतालाच्या 16 मात्रा, गायिका तान घेत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येत असताना, एकही बोल न वाढवता तोलून धरणे खोलीत एकट्याने शिकता येत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरात तर हा ठेका (तालाचा ठरलेला मूळ बोलक्रम) म्हणजेच खरी परीक्षा. साथीची बोलावणी पुष्कळ येतात (मानधन बहुधा चहावर भागते). आठवड्यात चार संध्याकाळी साथीला जाऊ लागलो, तेव्हा महिन्याभरात माझा ‘तिरकिट’ हा जलद बोल पुसट झाला. आता दोनच संध्याकाळी जातो.